गालातला कापूस

माझ्या तोंडात दुसऱ्या कुणाचं बोट, चमचा, काडी, काहीही गेलं की माझ्या पोटातून उबळ उठते. ओठाच्या आत चार बोटं खोल काही गेलं की झालंच. लहानपणी गावातल्या डॉक्टरांनी घसा बघायला जिभेवर चपटी पट्टी ठेवली, आणि मी सकाळचं दूध-भाकर त्यांच्या पांढऱ्या शर्टावर परत केलं. पुढं ते मला लांबूनच तपासायचे. अजूनही सकाळी दात घासताना मी असले आवाज काढतो की शेजारचे म्हणतात, चला, काटेवाले उठले.

काटेवाले म्हणजे मी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मला वीस वर्षं झाली. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि तिच्यात हर तऱ्हेची लबाडी उभी असते. कुणी भरल्या ट्रॉलीचं वजन होताना दोन माणसं उसाच्या मागं बसवतो, कुणी पाचटाला पाणी मारून आणतो. मी खिडकीतून नुसता डोळा टाकला तरी मला कळतं, आणि मग मी असा ओरडतो की पार गेटपर्यंत ऐकू जातं. एकदा एका ड्रायव्हरला मी भर रांगेत म्हटलं होतं, "अरे, खोटं बोलायला तुला तोंड आहे, खरं बोलायला काय भाड्यानं आणशील?" सगळी रांग हसली होती. तो बिचारा मान खाली घालून गेला. तो मला आता फार आठवतो.

कारण पुढं जे सांगणार आहे ते माझ्याच खोटेपणाचं आहे. आणि ते मी बोललोसुद्धा नाही, नुसती मान हलवली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझी खालची उजवी दाढ दुखायला लागली. शहाणा माणूस दवाखान्यात गेला असता. मी लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या, बायकोच्या फोनवर कुणीतरी पाठवलेला पेरूच्या पानांचा काढा प्यायलो, आणि उजवी बाजू खाण्यापिण्यातून बाद करून टाकली. दवाखान्याचं नाव काढलं की माझ्या हातापायाला घाम सुटायचा. पंचविशीत एकदा गेलो होतो. त्या डॉक्टरांनी दाताचं माप घ्यायला ओल्या पिठासारखं काहीतरी पत्र्याच्या साच्यात भरून माझ्या टाळूला लावलं आणि म्हणाले, दोन मिनिटं हलायचं नाही. दोन मिनिटं! मी दहा मोजायच्या आत त्यांचा हात झटकला, साचा जमिनीवर, मी पायरीवर, आणि बाकी सगळं त्यांच्या कुंडीत. त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी कुठल्याही दंतवैद्याला माझं तोंड दाखवलं नाही.

बायको म्हणायची, "काट्यावर वाघ, आणि दाताच्या नावानं शेळी." तिचं माहेर नंदुरबार शहरातलं, ती माझ्याशी शाळेतली मराठी बोलते आणि टोमणेही शाळेतल्या मराठीतच मारते. मी म्हणायचो, होईल बरं. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, दाढ काही बरी झाली नाही.

मग आली कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं घरोघरी ही देवी बसते. खानदेशात हा सण दिवाळीपेक्षा मोठा. सुरतला कामाला गेलेलं पोरगंही त्या दिवशी घरी येतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, आणि त्या पिठाचे रोट करायचे. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्या माणसाला द्यायचे नाहीत, आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. आमच्याकडं मुठी माय भरते. माझी माय म्हणजे पाच फुटांच्या आतली बाई, पण गव्हाच्या पोत्यापुढं बसून एकेकाचं नाव घेत मूठ भरायला लागली की घरात कुणी मधे बोलत नाही. मोठ्या दिराची मूठ, धाकट्या दिराची, मग पुतण्यांची, मग माझी, मग नातवाची. वडील गेले त्या वर्षी ती त्यांच्या नावाशी थांबली होती, हात पोत्यात तसाच ठेवून. मग पुढच्या नावाला गेली.

त्या रविवारी पंगतीत माझ्या ताटात रोट पडला. जाड, खरपूस, कडेनं चांगला कडक. मी एक घास डाव्या बाजूनं चावला, तो फिरून उजवीकडं गेला आणि माझ्या कानापर्यंत कळ गेली. समोर काका, भाऊबंद, पोरंसोरं. सगळ्यांसमोर दाढेचं रडगाणं कुठं गायचं? मी इकडंतिकडं बघितलं आणि उरलेला रोट हळूच शर्टाच्या खिशात सरकवला. मनात म्हटलं, मागून दुधात भिजवून खाऊ. मग विसरलो.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर न्यायची होती. माय धुण्याचे कपडे गोळा करत होती. माझ्या शर्टाच्या खिशावर तुपाचा डाग. तिनं खिशात हात घातला आणि रोट बाहेर काढला.

"भाऊ, हाई काय शे?"

माय मला भाऊच म्हणते. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, तिच्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो. मग तिनं माझ्या गालाकडं पाहिलं. तो गाल आदल्या रात्रीपासून चांगलाच फुगला होता. तिनं पदरानं हात पुसला आणि बोटाची मागची बाजू माझ्या गालाला लावली.

"दाढ दुखी ऱ्हायनी ना तुन्ही? कवयपशी?"

मी म्हटलं, "उन्हाळापशी, माय."

ती रागावली नाही. रागावली असती तर मी उलटून बोललो असतो आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. तो रोट तिनं दुधात कुस्करला, मला समोर बसवून खायला लावला, आणि मग सगळ्यांबरोबर नदीवर गेली. तिथं कानबाईला पाण्यात सोडायच्या आधी, सगळ्या बायकांसमोर, तिनं हात जोडून सांगितलं, "मन्हा भाऊनी दाढ निंघत नही तोपावत मी चहाले हात लावाव नही."

माझं तोंड आपोआप उघडलं, ते मात्र उबळीशिवाय.

कारण मायला चहा सोडून दुसरं काही नाही. दागिन्याची हौस नाही, गावाला जायची नाही, टीव्हीची नाही. सकाळी उठल्याबरोबर, नऊला, जेवण झाल्यावर, चार वाजता आणि दिवेलागणीला असा तिचा पाच वेळचा चहा. अंगणातली गवती चहाची पात, आलं ठेचून, दूध जरा जास्त. बशीत ओतून, ओट्यावर बसून, डोळे अर्धे मिटून प्यायची. वडील असताना दोघं अर्धा अर्धा प्यायचे. ते गेल्यावर चारचा चहा ती एकटीच दोन बशा ओतून प्यायची, पहिली त्यांची म्हणून. हे मला बायकोनं सांगितलं, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं कपाळाला फडकं बांधलं. चार वाजले की ती ओट्यावर जाऊन बसायची आणि रिकाम्या हातानं उठून यायची. मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, हा कसला अडाणीपणा, माझ्या दाढेचा आणि तुझ्या चहाचा काय संबंध? ती म्हणाली, संबंध माझा आणि कानबाईचा आहे, तू तुझं काम कर.

बुधवारी मी मोटारसायकल काढून शहाद्याला गेलो. तिथं नवीन दवाखाना निघाला होता. डॉक्टरीण आमच्या ओळखीतली निघाली. म्हणजे तिच्या आजोबांच्या कापडाच्या दुकानातून आमच्या घरच्या लग्नांचे बस्ते बांधलेले. मारवाडी घरातली पोरगी, तीस-बत्तीसची, बोलायला गोड. मी तिला दारातच सांगितलं, "मॅडम, माझ्या तोंडात काही घातलं की मी ओकतो. हे आधीच सांगून ठेवतो." ती हसली नाही. म्हणाली, "पुष्कळांना होतं काका. तुमची चूक नाही ती. घसाच तसा असतो, आणि भीतीनं अजून वाढतं."

तुमची चूक नाही, हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी पंख्याच्या वाऱ्यावर ढकललं.

तिनं मला खुर्ची उभीच ठेवून बसवलं. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवलं. म्हणाली, नाकानं श्वास घ्या, उजवा पाय खुर्चीवरून थोडा वर उचलून धरा आणि सगळं लक्ष त्या पायात ठेवा, आणि मनात काहीतरी मोजत रहा. मला वाटलं ही चेष्टा करतेय. पण तसा पाय धरून एक्सरेची छोटी पट्टी तोंडात तीन वेळा गेली आणि तिसऱ्या वेळी टिकली. दाढ मुळापासून सडली होती, काढावीच लागणार होती. सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि पुढच्या गुरुवारी बोलावलं. येताना पोट गच्च भरून येऊ नका, अगदी उपाशीही नको, आणि दुपारनंतर या, सकाळी उबळ जास्त असते, असंही सांगितलं.

गुरुवारी गेलो. मायच्या चहाला अकरावा दिवस. ती दारापर्यंत आली होती, कपाळाचं फडकं तसंच. मी म्हटलं, "संध्याकाळचा चहा टाकायला सांग." एवढा माझा तोरा.

खुर्चीत बसलो. मीठ जिभेवर, पाय वर. डॉक्टरणीनं गळ्याला निळा नॅपकिन अडकवला, हिरडीला बधिरपणाचं मलम लावलं आणि गालात कापसाचे दोन बोळे ठेवले. इथपर्यंत सगळं ठीक. मग ती इंजेक्शन घेऊन वळली. सुई मला लांबच्या लांब दिसली. उबळ उठली, पाय खाली आला, मीठ घशात गेलं. ती म्हणाली, थांबू या काका, घाई नाही, दोन मिनिटं बाहेर बसा. पुन्हा दोन मिनिटं! मी कापसातूनच म्हटलं, गाडीला किल्ली तशीच राहिलीय, आलोच. आणि जो उतरलो तो थेट मोटारसायकलवर.

पेट्रोल पंपावर एकजण म्हणाला, "काय भाऊ, जेवी ऱ्हायना का?" तेव्हा कळलं की नॅपकिन गळ्यातच आहे. तो काढून खिशात कोंबला. गालातले बोळे मात्र विसरलो. मलमानं अर्धं तोंड बधिर, तिथं काय आहे याचा पत्ताच नव्हता. सबंध रस्ता मी मायला काय सांगायचं ते जुळवत होतो. खरं सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो.

माय अंगणातच उभी होती. माझा फुगलेला गाल आणि ओठातून डोकावणारा पांढरा कापूस तिनं पाहिला. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"काढी उना का दाढ?"

मी तोंड उघडायला गेलो, जिभेला कापूस लागला. बोलता येईना. आणि मी मान हलवली. वरून खाली. एकदाच.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, देव्हाऱ्यापुढं दिवा लावून साखर ठेवली. मग स्वतः आधण ठेवलं. पात तोडून आणली, आलं ठेचलं. ओट्यावर बसून बशीत ओतला आणि ओठाला लावायच्या आधी बशी कपाळाला लावली. मी तिच्यासमोर खाटेवर बसलो होतो, गालात कापूस आणि त्याच्या पलीकडं ती सडकी दाढ जागच्या जागी. एक शब्द बोलायला हवा होता. थांब, एवढाच. तिनं पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि मी गप्प बसलो.

बायकोनं मला नळापाशी गाठलं. मी बोळे थुंकले, ते पांढरेशुभ्र. तिनं बोळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मायला सांगा," ती म्हणाली. मी म्हटलं, आता ती प्यायली, आता सांगून काय उपयोग, चार दिवसांत काढून घेतो, हिशेब बरोबर होईल. ती म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. त्यांनी विचारलं तर सांगीन. पण त्या विचारणार नाहीत. त्यांना तुमच्यावर संशय घेता येत नाही." आणि बादली उचलून निघून गेली.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. गोळ्यांनी सूज उतरली होती, दुखणं दबलं होतं, आणि भीतीला एवढं निमित्त पुरतं. माय गल्लीत सगळ्यांना सांगायची, "मन्हा भाऊ जराबी घाबरना नही." बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. मी मान वळवून निघून जायचो. रोज चार वाजता तिची बशी वाजली की मला घरात थांबवत नसे. काहीतरी काम काढून मी शेताकडं जायचो. स्वतःची अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग एका सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि खालचा ओठ बोटानं खाली ओढून दाखवला. समोरचे दोन दात हलत होते, हिरडी लालभडक. दोन वर्षांपासून दुखतंय म्हणाली. भाकरी दुधात भिजवून खायची ती म्हातारपणामुळं, असं आम्ही समजत होतो. तिलाही दाताच्या डॉक्टरची भीती होती, आणि उबळीचं म्हणाल तर मला ती तिच्याकडूनच आलेली. मिश्री लावताना तिचेही असेच आवाज व्हायचे, ते मी लहानपणापासून ऐकलेत.

"तू काढी उना, मंग मी कसाले घाबरू? मले बी लई जाय तठेच."

मी म्हटलं, आपण नवापूरला जाऊ, तिथं चांगला डॉक्टर आहे. मला नवापूरचा एकही डॉक्टर माहीत नव्हता. ती म्हणाली, नाही, तुझीवालीच डॉक्टरीण. मग विचारलं, तू कसं केलंस, मला सांग. आणि मी सांगितलं. जिभेवर मीठ, नाकानं श्वास, पाय वर, मनात मोजत राहायचं. जे मला जमलं नव्हतं ते सगळं मी तिला माझं म्हणून शिकवलं. ती दोन दिवस ओट्यावर बसून पाय वर धरायचा सराव करत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, नऊवारी सावरत, जिभेवर मीठ घेऊन. मला म्हणाली, मोजायचं म्हणतोस, पण मला आकडे पुढं येत नाहीत, मी कानबाईच्या मुठी मोजीन. एकेकाचं नाव घेऊन.

त्या दोन दिवसांत मी पन्नासदा सांगायला गेलो. दर वेळी वाटलं, आता सांगितलं तर ती घाबरेल आणि दात राहून जातील. हे कारण खरं होतं, म्हणून तर ते इतकं सोयीचं होतं. डॉक्टरीण विसरली असेल, रोज एवढे लोक येतात, असंही मी स्वतःला सांगितलं.

माय खुर्चीत बसली. पाय जमिनीला पुरत नव्हते. मीठ तिनं घरून पुडीत बांधून आणलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "अरे वा, आजींना सगळं माहीत आहे!" माय अभिमानानं माझ्याकडं बघून म्हणाली, भाऊनं शिकवलं. मग तिनं डोळे मिटले, उजवा पाय वर धरला आणि तिचे ओठ हलायला लागले. सुई आत गेली. एकदा उबळ आली, तिनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, नाकानं लांब श्वास घेतला, आणि उबळ गेली. मी कोपऱ्यात उभा. ती कुणाच्या मुठीपर्यंत आली असेल ते मी बघत होतो. पहिला दात निघाला. डॉक्टरणीनं तिथं कापूस दाबला आणि कौतुकानं माझ्याकडं वळून म्हणाली,

"बघा काका, आजी किती धीट! आणि तुम्ही त्या दिवशी नॅपकिनसकट पळालात. आता आलाच आहात तर तुमचीही दाढ आज काढून टाकू का?"

मायचे डोळे उघडले. तोंडात कापूस, दोन हात डॉक्टरणीचे, तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा ती अजून बघतच होती. तिचा पाय अजून हवेत होता. मग तो हळूहळू खाली आला. डॉक्टरणीला काय कळलं कोण जाणे, पण ती लगबगीनं दुसरा दात काढायला लागली. या खेपेला मायनं पाय उचलला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दुखण्याचं असेल असं डॉक्टरीण समजली, आणि तिनं ते रुमालानं टिपलं.

घरी येताना ती मागं बसली होती, कापसामुळं मुकी. मी गाडी चालवत बडबडत होतो. माय, मी सांगणारच होतो. माय, मी घाबरलो. माय, चूक झाली, चुकलो मी. वाऱ्यात तिला ऐकू आलं की नाही ठाऊक नाही. एरवी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसते. त्या दिवशी तिनं मागची कडी धरली होती.

घरी आल्यावर तिनं चहाचा डबा उचलून सुनेच्या हातात दिला आणि आपल्या बशा फडताळात मागं सारून ठेवल्या. मी तिच्या पायाशी बसून होतो. वाटत होतं, दोन थोबाडीत द्याव्यात, शिव्या घालाव्यात. शेवटी म्हणाली, अगदी हळू,

"कानबाईजोडे मी खोटी पडनू रे भाऊ."

आणि मग, "तुले काही व्हवाले नको."

मी तिला फसवलं, त्याचं तिला काही नव्हतं. तिच्याकडून नवस मोडला आणि तो माझ्या नावाचा होता, म्हणून ती माझ्यासाठी भ्यायली होती. मी सत्तेचाळीस वर्षांचा घोडा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला, पण फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा शहाद्याला गेलो. डॉक्टरणीनं काही विचारलं नाही. मीठ, पाय, नाकानं श्वास. मोजायची वेळ आली तेव्हा आकडे घशात अडकले, म्हणून मी मुठी मोजायला लागलो. मोठ्या काकांची मूठ. धाकट्या काकांची. सुई दिसली, उबळ आली, मी वाकलो आणि बादलीत ओकलो. पुन्हा बसलो. पुन्हा पहिल्यापासून, मोठ्या काकांची मूठ. वडिलांच्या जागेशी मीही थांबलो. दुसऱ्यांदा ओकलो. ती पोरगी शांतपणे म्हणाली, थांबू या का? मी म्हटलं, "नाही मॅडम, मला उठू देऊ नका." माझ्या स्वतःच्या मुठीशी आलो तेव्हा मायचा तो पोत्यात बुडालेला हात दिसला, मी खिशात लपवलेल्या रोटाचे गहू काढणारा. कट्कन आवाज झाला. मला वाटलं दुसरंच काही मोडलं. डॉक्टरीण म्हणाली, निघाली.

दाढ मी कागदात बांधून मागून घेतली. गालात बोळा घेऊन घरी आलो. या वेळी तो लाल होता. माय ओट्यावर बसली होती, रिकाम्या हातांनी. मी पुढं जाऊन कागद उघडला. तिनं दाढ बघितली, मग माझ्या गालाकडं बघितलं.

"कापूस काढ," ती म्हणाली.

डॉक्टरणीनं अर्धा तास ठेवायला सांगितला होता. मी काढला. मायनं माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि आत बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, लाव परत. पुढच्या सोमवारी ती नदीवर जाऊन ओटी सोडून आली, तिथं काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर ती पुन्हा चहा प्यायला लागली. पाच वेळा, बशीतून, पूर्वीसारखाच. लोकांना वाटतं, झालं, मिटलं.

यंदा कानबाईला पंगत बसली. माझ्या ताटात रोट वाढून माय तिथून हलली नाही, माझ्यासमोर बसून राहिली. मी शेवटचा घास गिळला, पाणी प्यायलो. काका, पुतणे, पोरं, सगळे बघत होते.

"आ कर," माय म्हणाली.

सगळी पंगत हसली. माझा पोरगा तर हसून लोळला. मीही हसत तोंड उघडलं. माय हसली नाही. तिनं माझी हनुवटी धरून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग हात लांब करून माझ्या शर्टाचा खिसा चाचपला आणि चहाचं आधण ठेवायला उठून गेली.